जिनिंगात फायबरची रिंग टाकताय? या चुका टाळा

ऑफिस, वजनकाटा, जिनिंग अन् मागचं गोदाम फायबरनी गोल जोडलं की मालकाला वाटते झालं काम, आता एक केबल तुटली तरी काही फरक पडत नाही. पण जाणारी अन् येणारी केबल एकाच नालीत टाकली असन तर? खोदाईचे पैसे वाचवायला सर्रास हेच करतात, मग पाइपलाइनसाठी जेसीबी येतो अन् दोन्ही एकदमच जातात. एक केबल रस्त्याच्या कडेनं नेली तर दुसरी मागून धुऱ्यानं आणा, अन् रपट्यावर दोन्ही एकत्र येतात का ते स्वतः चालत जाऊन बघा, नकाशात ते दिसत नाही. बिल्डिंगमध्ये शिरायची जागापण वेगळी ठेवा.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, उथळ केबल ओढल्या जाते. एचडीपीई, म्हणजे जाड प्लास्टिकच्या, पाइपातूनच टाका, खोल टाका, चेंबरमध्ये थोडी केबल गुंडाळून शिल्लक ठेवा.

दुसरी मोठी चूक म्हणजे स्विचमध्ये (केबली जोडायचा नेटवर्कचा डबा) रिंगचा प्रोटोकॉल, म्हणजे गोलातला एक दुवा अडवून ठेवायची सोय, चालू न करताच गोल पूर्ण करणं. ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना जाणारा डेटा, गोल गोल फिरत राहते अन् सगळंच नेटवर्क ठप्प, मग लोक फायबरला शिव्या देतात! जुना एसटीपी प्रोटोकॉल लावला तर केबल तुटल्यावर सावरायला ३० ते ५० सेकंद खातो. स्विचमध्ये ईआरपीएस, म्हणजे रिंगसाठीचा जी.८०३२ प्रोटोकॉल असन तर तेच लावा, त्याचं टार्गेट ५० मिलिसेकंदाचं आहे, फक्त आरपीएल ओनर, म्हणजे एक दुवा अडवून ठेवणारा, एकाच स्विचला करा.

लिंक सारखी पडते-उठते? आधी कनेक्टर पुसा, मग हिरवा एपीसी (तिरक्या टोकाचा कनेक्टर) निळ्या यूपीसीत (सरळ टोकाच्या) तर नाही ठोकला ते बघा. ओटीडीआरवर, म्हणजे केबलीत कुठं किती प्रकाश वाया जातो ते दाखवणाऱ्या मशीनवर, १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशापेक्षा १५५० ला एखाद्या जागी लॉस जास्त दिसला तर तिथं केबल कुठंतरी करकचून वळली आहे, साधारण उलटं असते.

अन् अलार्म लावाच भाऊ. एक बाजू तुटली तरी सगळं चालूच राहते म्हणून कोणाला पत्ता लागत नाही, दुसरी तुटली की "अचानक बंद पडलं" म्हणून फोन येतो. सीझन सुरू व्हायच्या आधी एकेक पॅचकॉर्ड (स्विचला लावलेली छोटी केबल) काढून बघा, अलार्म वाजतो का.

लाइट तर जातेच. काटा अन् गोदाम दोन्हीकडचे स्विच बंद पडले की फायबर शाबूत असूनही ऑफिस अन् जिनिंगचा संबंध तुटते, त्यामुळं बॅटरी चारही ठिकाणी लागते, एकट्या ऑफिसात नाही.