परदेशातून कोरल आणि क्लॅम मागवायचे असतील तर: बडोद्याच्या हौशींसाठी

आधी कायदा, मग टँक आणि सगळ्यात शेवटी ऑर्डर. खाऱ्या पाण्याचा टँक लावणाऱ्या प्रत्येक नवख्याला मी हाच क्रम सांगते. उलटं केलं की जीव मरतो, पैसे पाण्यात जातात आणि कधी कधी वनखातं दारात येतं.

कोणत्या जातीच्या वाटेला जायचं नाही, ते पहिल्यांदा ठरवा. ॲक्रोपोरा, ब्रेन कोरल, टॉर्च, हॅमर अशी कडक सांगाड्याची सगळी कोरल सायटीस कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत. ट्रायडॅक्ना गटातले क्लॅम, म्हणजे मोठे शिंपलेही, तिथेच. भारत 1976 पासून या करारात आहे. त्यावर आपला वन्यजीव संरक्षण कायदा: 2001 साली प्रवाळभिंती बांधणारी सगळी कोरल, समुद्रपंखे आणि ट्रायडॅक्नातल्या मॅक्सिमा, स्क्वामोसा या जाती पहिल्या अनुसूचीत आल्या. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन वर्षं तुरुंगवास. "फार्ममधलं आहे, चालतं" असं विकणारा कितीही छातीठोक सांगो, लेखी परवानगीशिवाय यांतलं काही घेऊ नका. जामनगरकडे गेल्यावर पिरोटन बेटाच्या किनाऱ्यावरून एखादा तुकडा उचलून आणायचा तर विचारही नको. तो भाग 1982 पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे.

सुरुवातीला मशरूम, लेदर आणि झोअँथिड मागवा. ही मऊ कोरल सायटीसच्या यादीत नाहीत, दिसायला देखणी असतात आणि पाण्यातले छोटे चढउतार सोसतात. मात्र झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालाच. काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. झोअँथिड लागलेला दगड उकळत्या पाण्यात कधीही टाकू नका, त्या वाफेने घरातली माणसं दवाखान्यात पोचू शकतात.

सायटीस यादीतलं काही हवंच असेल तर गांधीनगरला मुख्य वन्यजीव रक्षकांकडे लेखी अर्ज करा. त्यांचं ना-हरकत पत्र मिळालं तरच पुढे डीजीएफटीचा (विदेश व्यापार महासंचालनालयाचा) आयात परवाना मागता येतो. एका घरासाठी हा व्याप परवडत नाही, म्हणून परवानाधारक आयातदारामार्फतच जा. कुरिअरने किंवा विमानातल्या सामानातून जिवंत जीव आणू नका. माल प्राणी संगरोध केंद्रातून यावा लागतो आणि बडोद्याला त्यातल्या त्यात जवळचं केंद्र मुंबईचं.

आयातदार कागद दाखवेल तेव्हा घाईने सही करू नका. निर्यात परवान्यावर शास्त्रीय नाव आणि नगांची संख्या असते, ती बिलाशी जुळवून बघा. स्रोताच्या रकान्यात एक अक्षर असतं: डब्ल्यू म्हणजे समुद्रातून उचललेला, सी म्हणजे बंदिस्त जागेत पैदास केलेला. मी डब्ल्यू असलेला जीव घेत नाही. तुम्हीही घेऊ नका. सायटीसचा निर्यात परवाना सहा महिनेच चालतो, तेव्हा तारीखही पाहा.

आता टँक. किमान दोन-तीन महिने चालवून तो स्थिर झालेला असावा. आरओ-डीआय फिल्टरचं पाणी आणि त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्य. क्षारता, म्हणजे खारेपणा, विशिष्ट गुरुत्वात 1.025, कॅल्शियम 420 पीपीएमच्या आसपास, अल्कलिनिटी (पीएच टिकवण्याची पाण्याची ताकद) 8 ते 9 डीकेएच या एककात. आपल्याकडे खरी अडचण तापमानाची, कारण पाणी 25 ते 27 अंशांत राहायला हवं. पाण्यावर पंखा लावला की बाष्पीभवनाने ते थोडं गार होतं, पण ही सोय कोरड्या मे महिन्यापुरती. जुलैत हवा दमट झाली की पंखा जवळपास निकामी होतो. चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, घ्या, आणि वीज गेल्यावर चालेल असा बॅटरीवरचा एअर पंपही.

माल आल्यावर सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या तासात होतं. बंद पिशवीत जीव श्वास घेत राहतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा पीएच उतरतो. या आम्लामुळेच साचलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून दिवसभराहून लांबचा प्रवास झाला असेल तर तासन्तास थेंबथेंब पाणी सोडत बसू नका. दिवे मंद करा, बंद पिशवी टँकवर पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या. मग ती उघडून पिशवीतल्या पाण्याची क्षारता मोजा आणि तेवढ्याच क्षारतेचं, टँकच्याच तापमानाचं बादलीत तयार ठेवलेलं पाणी वापरून जीव लगेच त्यात घ्या. बादलीची क्षारता टँकइतकी आणायची ती सावकाश. पिशवीतलं पाणी टँकमध्ये एक थेंबही जाऊ देऊ नका. कोरलला आयोडीनच्या द्रावणात बुडवून काढा, चपटे किडे असले तर त्यात गळून पडतात.

क्लॅमचं तंत्र वेगळं. त्याच्या तळाशी धाग्यांचा झुपका असतो, त्यानेच तो दगड धरून बसतो. ओढून सोडवलात तर आतली ग्रंथी फाटते आणि क्लॅम मरतो. धागे दगडालगत ब्लेडने कापा. मग शिंपल्याची कड आणि तळाचं छिद्र नीट तपासा. तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गोगलगायी दिसल्या तर ब्रशने काढा. त्या रात्री बाहेर येतात, म्हणून दिवे मालवल्यावर टॉर्च घेऊन पुन्हा एकदा बघा. परवानगी मिळालीच तर डेरासा जातीचा क्लॅम मागा. तो कणखर आहे आणि वाळूवर नीट बसतो. दोन इंचांहून लहान पिल्लू मात्र घेऊ नका, ते जगवणं फार अवघड असतं.

सायटीस यादीतला जीव घरी आल्यावर 30 दिवसांत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश 2.0 पोर्टलवर त्याची नोंदणी करा. 2024च्या नियमांनी ती बंधनकारक आहे. जीव मेला किंवा तुम्ही तो दुसऱ्याला दिलात तर तेही तिथेच कळवायचं.