फुकट सॉफ्टवेअर घ्यायचंय? तीन तारेवाले अभिप्राय आधी वाचा

जळगावच्या बाजारात भरताचं वांगंसुद्धा आपण हातात तोलून, देठ बघून घेतो. फुकटचं सॉफ्टवेअर मात्र पाच तारे दिसले की डोळे झाकून डाउनलोड करतो. दोन-तीन तारे देणाऱ्यांचं आधी वाचा, खरी अडचण तेच सांगतात. तारीखही बघा. लिब्रेऑफिस हे पत्रं, हिशेब लिहायचं फुकट सॉफ्टवेअर २०१० साली ओपनऑफिस या तशाच सॉफ्टवेअरपासून वेगळं झालं. एकाबद्दलचं जुनं मत आज दुसऱ्याला लावून चालत नाही.

आणि वापरून झालं की स्वतः लिहाच, मराठीत लिहा. नुसत्या ‘मस्त आहे’वरून भुसावळच्या दुकानदाराला काय कळणार? कोणती आवृत्ती, संगणकाची रॅम किती, किती दिवस वापरलं, बिल छापताना जोडाक्षरं तुटली का, हे सांगा.