छोट्या बेटदेशाची बाजू मांडताना या चुका टाळा

गडचिरोली जिल्ह्यातील आमच्या महाविद्यालयात अभिरूप आंतरराष्ट्रीय परिषदेची तयारी करून घेताना मला एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. माहिती-तंत्रज्ञान धोरणाच्या चर्चेत ज्यांच्या वाट्याला तुवालू किंवा टोंगा हे प्रशांत महासागरातील बेटदेश येतात, ते विद्यार्थी ‘आमचा देश लहान आणि गरीब आहे’ अशा विनवणीनेच भाषण सुरू करतात. वास्तविक आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघात (संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचारविषयक संस्थेत) सुमारे ११ हजार लोकवस्तीच्या तुवालूला जेवढे मत आहे, तेवढेच भारतालाही आहे. म्हणून दया मागू नये, नेमकी मागणी मांडावी.

ती नेमकी कशी करावी, हे टोंगाच्या उदाहरणावरून कळते. १५ जानेवारी २०२२ रोजी समुद्रातील ज्वालामुखीच्या उद्रेकाने टोंगाला जगाशी जोडणारी समुद्राखालची इंटरनेट केबल तुटली आणि मुख्य बेटाची जोडणी पूर्ववत व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. दूरच्या बेटांना तर त्याहून कितीतरी अधिक काळ वाट पाहावी लागली. पर्लकोटा नदीला पूर आल्यावर भामरागडचा संपर्क कसा तुटतो, हे आमच्या मुलांनी पाहिलेले आहे. तरीही ती ‘इंटरनेट सुधारावे’ एवढेच लिहितात, याचे मला मनापासून वाईट वाटते. दुसरी केबल, उपग्रहाची पर्यायी सोय आणि दुरुस्ती जहाजाला तातडीची परवानगी, अशा तीन वेगळ्या मागण्या लिहाव्यात.

मागणी चुकीच्या दारी नेणे ही दुसरी चूक. रेडिओ लहरी आणि उपग्रह हे दूरसंचार संघाचे विषय आहेत. डोमेन नावांचा, म्हणजे संकेतस्थळांच्या पत्त्यांचा, प्रश्न ती व्यवस्था सांभाळणाऱ्या आयकॅन या संस्थेकडे जातो, आणि तेथील सरकारी प्रतिनिधींची समिती सल्ला देते, अंतिम निर्णय संचालक मंडळ घेते. तुवालूला ‘डॉट टीव्ही’ या आपल्या देशाच्या डोमेनमधून उत्पन्न मिळते, त्यामुळे त्याच्या प्रतिनिधीला हा फरक माहीत असलाच पाहिजे.

कागदपत्रांकडेही दुर्लक्ष नको. दोन वर्षांच्या वर्गणीइतकी थकबाकी साचली की दूरसंचार संघात मताधिकार जातो. स्वतः जाता येत नसेल, तर दुसऱ्या देशाच्या शिष्टमंडळाला लेखी अधिकार देता येतो. मात्र एका शिष्टमंडळाला असे एकच परके मत देता येते, त्यामुळे शेजारी देशांशी आधीच बोलून ठेवावे.

शेवटी घड्याळ पाहावे. हिवाळ्यात जिनिव्हात दुपारचे तीन वाजतात, तेव्हा तुवालूची राजधानी फुनाफुती येथे रात्रीचे दोन वाजलेले असतात. ठरावाच्या मसुद्यातील तडजोड कुठवर मान्य आहे, हे राजधानीकडून आदल्या दिवशीच लेखी घ्यावे.