ऑनलाइन लेक्चर आणि विखुरलेल्या तारखा

कॉलेज ऑनलाइन झालं की सुरुवातीला वाटतं, आता वेळच वेळ. येण्याजाण्याचा वेळ वाचतो हे खरंच आहे. पण वर्गात काही गोष्टी आपोआप व्हायच्या, त्या बंद पडतात. शेजारी बसलेला विचारायचा, "उद्या जर्नल द्यायचंय ना?" आता तो शेजारी म्यूटवर असतो. तारखा मात्र असतातच: एक गूगल क्लासरूमवर, एक ईमेलमध्ये, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, आणि सगळ्यात महत्त्वाची लेक्चरच्या शेवटी तोंडी, निम्मी मंडळी मीटिंगमधून बाहेर पडल्यावर.

म्हणून माझा एकच आग्रह. तारीख कानावर पडली की तिथल्या तिथे कॅलेंडरमध्ये टाका. नंतर टाकू म्हटलं की ती गेलीच. मी गूगल कॅलेंडर वापरतो. कागदी डायरी जमत असेल तर तीही चालेल, फक्त दोन्ही एकदम नको. दर आठवड्याच्या लेक्चरची नोंद एकदाच करायची आणि मीटिंगची लिंक त्यातच चिकटवायची. असाइनमेंटच्या मात्र दोन नोंदी: द्यायची तारीख आणि तिच्या चार-पाच दिवस आधी 'सुरू कर'. मला दुसरीचाच उपयोग जास्त होतो.

क्लासरूम तारखा आपोआप कॅलेंडरवर दाखवतं, पण शिक्षकांनी त्या रकान्यात भरल्या असतील तरच. पुष्कळदा तारीख फक्त पीडीएफच्या तिसऱ्या पानावर असते. आणि '२० तारखेला रात्री १२ पर्यंत' असं लिहिलेलं दिसलं तर सरळ विचारून घ्या, १९ची रात्र की २०ची? ११:५९ ही विचित्र वाटणारी वेळ देतात ती हा घोळ टाळायलाच.

आता रेकॉर्डिंग. लेक्चर चुकलं तरी रेकॉर्डिंग आहे, या भरवशावर जितकं साचतं तितकं दुसऱ्या कशानेच साचत नाही. तासाभराचं लेक्चर थांबवत, मागे नेत बघितलं की दीड तास सहज जातो. दीडपट वेगाने लावलं तरी फारसं वाचत नाही. माझ्या मते रेकॉर्डिंग हे राहिलेला तुकडा शोधायला असतं, हजेरीला पर्याय म्हणून नाही. आठवडा उलटून गेलेलं लेक्चर मी पूर्ण बघत नाही. स्लाइड वाचतो आणि अडलेला भाग तेवढा काढतो.

तो तुकडा सापडावा म्हणून वहीची मांडणी उपयोगी पडते. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी रूढ केलेली पद्धत बऱ्याच जणांना माहीत असेल: डावीकडे अरुंद पट्टी, उजवीकडे मुख्य नोट्स, खाली सारांश. सारांश लिहायचा मला कंटाळा येतो, पण डावी पट्टी सोडत नाही. लक्ष उडालं किंवा काही डोक्यावरून गेलं की तिथे घड्याळातली वेळ आणि प्रश्न लिहितो: '१०:३४, हे सूत्र कुठून आलं?' रेकॉर्डिंग बहुधा हजेरी झाल्यावर सुरू होतं, त्यामुळे चार-दोन मिनिटांचा फरक धरायचा.

फाइलींना नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग विषय: '२०२५-०८-०५_अर्थशास्त्र'. असं केलं की फोल्डरमध्ये त्या तारखेनुसार आपोआप लागतात. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरंच' ही नावं परीक्षेच्या आदल्या रात्री काही सांगत नाहीत.

सबमिशनबद्दल एवढंच: फाइल चढवली म्हणजे दिली असं नाही. क्लासरूमवर फाइल जोडल्यानंतर 'टर्न इन' दाबावं लागतं. मूडल या क्लासरूमसारख्याच दुसऱ्या पोर्टलवरही कधीकधी असाइनमेंट मसुदा म्हणून पडून राहते, शेवटचं बटण दाबेपर्यंत. दिल्यावर तीच फाइल पोर्टलवरून उघडून बघा. पानं उलटी नाहीत ना, मोबाइलने काढलेले फोटो वाचता येतात ना, आणि चुकून दुसऱ्याच विषयाची तर गेली नाही ना.