फ्युएल सेल सुरू करताना: नव्याने हात घालणाऱ्यांसाठी

सांगली, कराड, इस्लामपूरकडे फायनल इयरला फ्युएल सेलचा (हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यापासून वीज आणि पाणी करणाऱ्या सेलचा) प्रोजेक्ट घेतला की पहिली दिशाभूल मीटरच करतो. 20 सेलचा स्टॅक, म्हणजे एकामागे एक जोडलेली सेलची थप्पी, लोड काही नाही, मीटरवर 19 व्होल्ट. सगळे खूश! पण सेलमागे 0.95 व्होल्ट ही झिजण्याची जागा आहे, चालण्याची 0.6 ते 0.7. बिनलोडचा स्टॅक उगाच चालू ठेवू नका.

खरं नुकसान त्याच्याही आधी होतं. रात्रभर बंद स्टॅकमध्ये हायड्रोजनच्या बाजूला, म्हणजे ॲनोडमध्ये, हवा शिरलेली असते. सकाळी व्हॉल्व्ह उघडला की तोंडाशी हायड्रोजन आणि शेपटाकडे हवा. ही सीमा सरकत असेतोवर शेपटाकडच्या कॅथोडचं, म्हणजे हवेच्या बाजूचं, पोटेन्शियल 1.4 व्होल्टच्या आसपास चढतं, आणि तिथल्या प्लॅटिनम या उत्प्रेरकाला धरून ठेवणारा कार्बन खाल्ला जाऊन त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. बाहेरच्या मीटरला याचा पत्ताही नसतो.

नवखे इथे बरोबर हिशोब करून फसतात. एका सेलला दर अँपिअरमागे मिनिटाला 7 मिलिलिटर हायड्रोजन लागतो. 20 सेल, 10 अँपिअर म्हणजे 1.4 लिटर, म्हणून फ्लो कंट्रोलरही तेवढ्यावरच लावतात. ॲनोडची पोकळी 100 मिलिलिटर धरली तर सीमा पार व्हायला चार सेकंदांहून जास्त लागतात. पर्ज व्हॉल्व्ह (ॲनोडमधला वायू बाहेर सोडणारा) उघडा ठेवून मिनिटाला 10 लिटरने ढकललं, तर 0.6 सेकंद. नायट्रोजन हाताशी असेल तर आधी त्याने ॲनोड धुऊन घ्या, ही भानगडच मिटते. पर्जची नळी मात्र छताबाहेर काढा. हवेत 4 टक्क्यांपासून हायड्रोजन पेटू शकतो, म्हणून सेन्सरचा कट-ऑफ 1 टक्क्यावर ठेवा, आणि तो प्रोग्रॅममधून नको, थेट रिलेवर. सिलिंडरचे आटे उलटे असतात, पान्याने जबरदस्ती करू नका.

हवेसाठी ब्लोअर असेल तर मागणी आली म्हणून पीएलसीने (कंट्रोलरने) लगेच करंट सोडायचा नाही. हवेचा मोजलेला फ्लो वर आला, की त्या मानाने करंट. कन्व्हर्टरचे रिकामे कपॅसिटर रिले लागताच स्टॅकला एकदम ओढतात, तिथे कपॅसिटर आधी हळूहळू भरणारा प्रीचार्ज रेझिस्टर हवाच. लक्ष सरासरीवर नको, सर्वांत खालच्या सेलवर ठेवा: 0.5 व्होल्टच्या खाली लोड वाढवणं थांबवा, 0.3 ला ट्रिप, म्हणजे लोड आपोआप तोडा. मेच्या उन्हात आठवडाभर पडून राहिलेला स्टॅक कोरडा असतो. आधी काही मिनिटं 10-20 टक्के लोडवर चालवा, स्वतःच्या पाण्याने मेम्ब्रेन (ॲनोड-कॅथोडमधला पातळ पडदा, तो ओला लागतो) ओलावेल. पंखा फुल्ल सोडला तर तेवढा ओलावाही उडतो.

आणखी एक, खास आपल्या भागातलं. गाळपाच्या हंगामात सल्फिटेशनवाल्या (उसाचा रस सल्फर डायऑक्साइडने साफ करणाऱ्या) साखर कारखान्याजवळ चाचणी असेल तर हवेच्या फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला. सल्फर डायऑक्साइड प्लॅटिनमला चिकटतो, व्होल्टेज हळूहळू बसतं, आणि पोरं दोन दिवस पाण्याचा दोष शोधत बसतात.

बंद करताना आधी लोड काढा, मग हवा बंद करा, मग स्टॅकवर छोटा रेझिस्टर टाकून उरलेला ऑक्सिजन संपू द्या. व्होल्टेज खाली आलं की शेवटी हायड्रोजन. तो आधी तोडला तर एखादा सेल उपाशी राहून त्याचं व्होल्टेज उलटं होतं.