घरातल्या व्यायामाच्या सायकलवर बसताना या चुका टाळा

दिवाळीच्या सेलमध्ये हौसेने आणलेली व्यायामाची सायकल होळीपर्यंत कोपऱ्यात जाते आणि घरात ठरून जातं की आपल्याला काही नियमितपणा जमत नाही. मला हे पटत नाही. नात्यातल्या आणि सोसायटीतल्या बऱ्याच जणांच्या सायकली मी लावून दिल्या आहेत. बंद पडलेल्या सायकलीपाशी गेलं की कारण बहुतेक वेळा दोन मिनिटांत सापडतं. सीट चुकलेली असते, लोड, म्हणजे पेडल फिरवताना जाणवणारा जडपणा, जास्त असतो, नाहीतर पहिल्याच आठवड्यात घाई झालेली असते. एकदा दुखायला लागलं की माणूस टाळायला लागतो, आणि टाळता टाळता सवय सुटते.

सीट तळाला ठेवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात जास्त खटकते. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवेत असं वाटून लोक सीट अगदी शेवटच्या भोकात अडकवतात. रस्त्यावर सायकल शिकताना ते ठीक आहे, तिथे तोल जातो. घरातली सायकल दोन आडव्या पट्ट्यांवर पक्की उभी असते, तिच्यावर पाय टेकायची गरजच नाही.

माझ्या थोरल्या नणंदेची गोष्ट सांगते. निवृत्त शिक्षिका. साखर काठावर आली म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तर जावयाने सायकल आणून दिली. महिन्याभरात गुडघ्याच्या वाटीभोवती दुखायला लागलं. एक्स-रे काढला, त्यात वयाला धरून असेल तेवढीच झीज निघाली. तरी घरात सगळ्यांचं मत पडलं की सायकलीने गुडघे गेले. मी गेले तेव्हा सायकलीवर चादर घातलेली होती. ताईंना म्हटलं, एकदा बसून दाखवा. पेडल वर आलं की त्यांचा गुडघा पोटाला लागायचा, आणि पेडल तळाला गेलं तरी पाय खुर्चीत बसल्यासारखा दुमडलेलाच. अशा वाकलेल्या गुडघ्याने रोज अर्धा तास जोर लावला तर वाटीवर दाब येणारच.

सीट चार भोकं वर घेतली. ताई घाबरल्या. "अगं, एवढ्या उंचावरून पडेन की मी!"

"नाही पडणार, ताई. हँडल घट्ट धरा, पाय मधून पलीकडे टाका. पलीकडचं पेडल खाली आहे ना, त्यावर उभ्या राहा आणि मग मागे टेका. उतरतानाही तसंच, उलट्या क्रमाने."

चार-पाच वेळा चढ-उतार करून घेतली तशी भीती गेली. लोड जवळजवळ शून्यावर आणला आणि सुरुवातीला रोज दहाच मिनिटं करायला सांगितली. दुखणं हळूहळू ओसरलं. आता त्या सकाळच्या बातम्या सायकलवर बसूनच बघतात.

सीट लावायची माझी पद्धत अशी. एक पेडल अगदी तळाला न्यायचं आणि त्यावर टाच ठेवायची. पाय सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी चवडा ठेवायचा, की गुडघ्याला आपोआप थोडा बाक येतो. कोनात सांगायचं तर साधारण २५ ते ३५ अंश. चालवताना कंबर डावी-उजवीकडे हलत असेल तर सीट जास्त वर गेली, एक भोक खाली घ्या. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागच्या बाजूने दुखला तर बहुधा वर. सीटच्या पाइपवर कमाल उंचीची रेघ असते, तिच्यावर जायचं नाही. आणि पिन भोकात पूर्ण बसल्याशिवाय सीटवर वजन टाकायचं नाही.

घरात दोघं-तिघं सायकल वापरत असतील तर प्रत्येकाच्या भोकापाशी वेगळ्या रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका द्या. घामाने पुसला जात नाही. रोज शोधाशोध करायला लागली की लोक दुसऱ्याच्याच उंचीवर बसून घेतात आणि मग गुडघा धरून माझ्याकडे येतात.

डावं पेडल जोर लावून बसवणं

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवल्यावर घट्ट होतं. पेडलवर आणि क्रँकवर, म्हणजे पेडल ज्या दांड्याला बसतं त्यावर, डाव्या-उजव्याची खूण असते, ती बघायचे कष्ट कोणी घेत नाही. शेजारच्या मुलाने खोकं उघडल्या उघडल्या, माहितीपत्रक बाजूला टाकून, दोन्ही पेडलं एकाच दिशेने पाना मारून बसवली. डावं तिरकं शिरलं, "बसत नाही" म्हणून त्याने आणखी जोर लावला. काही दिवस टक-टक आवाज येत होता, तोही त्याने चालवून घेतला. एका संध्याकाळी चालवता चालवता पेडल निघून आलं आणि त्याच्या आईची नडगी क्रँकवर खरवडली. आटे पार गेलेले. अख्खा क्रँक बदलावा लागला. पेडल आधी हाताने फिरवायचं, दोन-तीन वेढे सहज गेले पाहिजेत, पाना त्यानंतर. आठवड्याने एकदा पुन्हा आवळायचं, नवी पेडलं थोडी सैलावतात. टक-टक ऐकू आली की त्याच दिवशी उतरून बघायचं. खोकं उघडल्यापासून अर्ध्या तासात चालवायची घाई मला समजत नाही. सायकल जोडायला संध्याकाळ लागली तर लागू द्या.

पहिल्या दिवशी पाऊण तास

याच्याइतकी सवयीची वाट लावणारी गोष्ट नाही. पहिल्या दिवशी उत्साहाने पाऊण तास, दुसऱ्या दिवशी मांड्या भरलेल्या, तिसऱ्या दिवशी सुट्टी, पुढच्या आठवड्यात चादर. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच दिवस अर्धा-अर्धा तास केला की तेवढा होतो. पण तिथे पोचायला महिना-दीड महिना घ्या. दहा मिनिटांपासून सुरू करून दर आठवड्याला थोडी थोडी वाढवा. वेग इतका ठेवा की शेजारच्या माणसाशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये.

"एकवीस दिवसांत सवय" हे कोणी सांगितलं की मला राग येतो, कारण बाविसाव्या दिवशी कंटाळा आलेला माणूस स्वतःला नालायक ठरवतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा आला, आणि माणसागणिक तो १८ पासून २५४ पर्यंत होता. मधे एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही, हेही त्यात दिसलं. म्हणून लग्नाकार्याला गेलात आणि चुकलं तर दुसऱ्या दिवशी नेहमीएवढंच करा. भरपाई म्हणून दुप्पट करू नका.

वेळेपेक्षा मी कामाला काम जोडते. सकाळी डाळ-तांदूळ धुऊन भिजत घातले की सायकलवर बसायचं. ते भिजेपर्यंत माझा व्यायाम होतो, घड्याळ बघावं लागत नाही. सायकल जिथे वावर आहे तिथेच, पंख्याखाली ठेवा. माळ्यावरच्या खोलीत किंवा बंद बाल्कनीत ठेवलेल्या सायकलीकडे कोणी जात नाही.

बाकीचं थोडक्यात. अनवाणी चालवू नका, जाड तळाचे बूट घाला. पोटाला प्लॅस्टिक गुंडाळून जातं ते पाणी, चरबी नव्हे. डिस्प्लेवरचा कॅलरीचा आकडा, विशेषतः ज्या सायकलीने तुमचं वजनच विचारलेलं नाही तिच्यावरचा, धरून बसू नका. डिस्प्ले बंद पडला तर मेकॅनिकला बोलावण्याआधी सेल बदला आणि हँडलखालची वायर सुटली आहे का बघा. घाम रोज पुसा, पावसाळ्यात तर नक्कीच, नाहीतर नटबोल्ट गंजून सीट पाइपमध्येच अडकते.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायामाची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा आणि जवळ साखर ठेवा. हृदयाचा त्रास असेल तर सुरुवातच विचारून करा. चालवताना छातीत दाब वाटला तर लगेच थांबा, उरलेली मिनिटं पूर्ण करायच्या भानगडीत पडू नका, आणि दाब ओसरत नसेल तर ताबडतोब दवाखाना गाठा.

घरात लहान मुलं असतील आणि सायकल जड चाकाची स्पिन बाइक असेल तर आणखी एक. या सायकलीत पाय थांबवले तरी चाकाबरोबर पेडलं फिरत राहतात, म्हणून पाय एकदम रोखू नका, लोडचा नॉब दाबून ब्रेक लावा. फेल्ट पॅडचा, म्हणजे चाकावर दाबल्या जाणाऱ्या नमद्याच्या गादीचा ब्रेक असेल तर उतरल्यावर नॉब पूर्ण आवळून ठेवा, म्हणजे मुलांनी हात लावला तरी चाक फिरणार नाही.