सार्जंटच्या पद्धतीने डोकं रंगवायचं तर

पहिल्यांदा स्टूल बाहेर काढा. अमेरिकन व्यक्तिचित्रकार जॉन सिंगर सार्जंट उभा राहून रंगवायचा, आणि नुसता उभा नव्हे, सतत येरझाऱ्या. ईझल, म्हणजे कॅनव्हासचा स्टँड, चित्रासाठी बसलेल्या माणसाच्या अगदी शेजारी, उंची तीच, उजेड तोच. स्वतः मात्र लांब. तिथून खरं डोकं आणि रंगवलेलं डोकं एकाच नजरेत पाहायचं, फटकारा मनात पक्का करायचा, पुढे जाऊन मारायचा, परत मागे. मी कित्येक वर्षं कॅनव्हासला नाक लावून बसलो. नाकं सुरेख यायची, चेहरे भलत्याचेच.

ब्रश मोठा घ्या आणि रंगाच्या बाबतीत कंजुषी नको. डोळे किलकिले करून आधी मधली छटा लावा, मग गडद. झळाळीचे ठिपके अगदी शेवटी. पॅरिसमध्ये त्याचे गुरू कारोल्युस-ड्युराँ जुन्या स्पॅनिश चित्रकार व्हेलाझ्केझचा दाखला देत हेच शिकवायचे. डोक्याचा गोळा जागेवर बसेपर्यंत डोळे काढायचे नाहीत. हात शिवशिवतो, ठाऊक आहे.

न जमल्यास डागडुजी करू नका, खरवडा. रंग ओला आहे तोवर, त्याच दिवशी, पॅलेट नाइफने. त्याचं १८९२चं व्यक्तिचित्र ‘लेडी ॲग्न्यू’ पाहिलं की वाटतं, बाई सहज खुर्चीत टेकल्या आणि यानं सहज रंगवलं. पण डोकं मनासारखं उतरेना तर हा गडी ते पुन्हा पुन्हा खरवडून नव्याने रंगवायचा.

पोशाख पहिल्याच बैठकीत ठरवा. त्याच्या ‘मादाम एक्स’ या व्यक्तिचित्रात खांद्यावरून घसरलेल्या झग्याच्या एका पट्टीने १८८४च्या पॅरिस सलाँमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, गहजब झाला. पुढे त्याने ती पट्टी वर चढवून रंगवली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. १८८६मध्ये त्याने लंडन गाठलं. चित्र मात्र जपून ठेवलं आणि १९१६मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला विकलं.

एवढं सगळं तैलरंगात एकदम झेपत नसेल तर कोळसा घ्या. १९०७च्या सुमारास बड्या लोकांच्या तैलचित्रांना कंटाळल्यावर तोही कोळशाकडेच वळला. अशी चित्रं तो बहुधा एकाच बैठकीत उरकायचा. ईझलची जागा तीच ठेवा. उजेड उचलायला, म्हणजे कोळसा पुसून उजळ जागा काढायला, ब्रेडचा मऊ गोळा पुरतो, फक्त लोणी लावलेला नको.